अस्वलाची हद्द कुठून सुरू होते? ज्ञानगंगा परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी माहिती

बुलढाणा : पाऊस ओसरला, मका कणसावर आला, की बोथा घाटाच्या दोन्ही अंगांच्या गावांत एकच बोलणं सुरू होतं. अस्वल वावरात उतरलं. त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य ठरलेलं असतं : त्यानं आता इथं ठाणं मांडलं, हा नाला त्याचा झाला, तिकडं जाऊ नका. काही गावांत तर अमक्या टेकडीचं अस्वल, तमक्या धरणाचं अस्वल अशी नावंही पडलेली आहेत.

यात किती खरं? अस्वल खरंच जमिनीचा तुकडा आपला मानतं का, आणि मानत असेल तर तो राखतं कसं? ज्याचं वावर जंगलाला लागून आहे आणि ज्याला रात्री पाणी द्यायला जावं लागतं, त्यानं हे नीट समजून घेतलेलं बरं. कारण माणसावर होणारे बहुतेक हल्ले अस्वलाच्या एका सवयीमुळे होतात, आणि ती सवय म्हणजे धुऱ्याचं भांडण नव्हे.

आधी हे अस्वल कोणतं ते पाहू. आपल्याकडे विदर्भात, मेळघाटापासून ताडोबा-गडचिरोलीपर्यंत, एकाच जातीचं अस्वल आहे. काळं, लांब झिपऱ्या केसांचं, छातीवर पांढरट पट्टा असलेलं, तोंड पुढं निघालेलं. नर साधारण ८० ते १४५ किलो, मादी ५५ ते ९५ किलोच्या आत. नखं तीन-चार इंच लांब आणि मांजरासारखी आत ओढता न येणारी. वरच्या जबड्याचे मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते उधई ओढून घेतं. वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि ओठांची नळी करून जोरात ओढायचं. हा आवाज शांत रात्री शंभर मीटरच्या पुढंही ऐकू येतो. ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही, जुनं डिझेल इंजिन धापा टाकतं तसा असतो.

जुन्या लोकांच्या डोक्यात अजून दरवेशाचं अस्वल आहे. नाकात दोरी, डमरूवर नाच, पोराच्या गळ्यात बांधायला केसांचा ताईत. त्या अस्वलाचे दात काढलेले असायचे आणि नाक भोसकलेलं. त्यावरून रानातल्या अस्वलाचा अंदाज बांधणारे फसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याचं संरक्षण वाघाच्या बरोबरीचं.

वाघाचा धुरा, अस्वलाची वाट

हद्द म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, आणि वाघाच्या बाबतीत ते बरोबर आहे. नर वाघ आपल्या इलाक्यात दुसरा नर सहन करत नाही. जागा नसेल तर तरणा वाघ बाहेर पडतो. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला 'सी-१' नावाचा वाघ १,३०० किलोमीटरच्या वर चालून २०१९ च्या अखेरीस आपल्या ज्ञानगंगेत पोचला, तो मोकळी जागा धुंडतच.

अस्वलाचं तसं नाही. त्याचा एक वावरण्याचा पट्टा असतो. पाणवठे, कपारी, वारुळं, उंबर-जांभळाची झाडं त्याला तोंडपाठ असतात आणि वर्षानुवर्षं ते त्याच पट्ट्यात फिरतं. पण त्या पट्ट्याला कुंपण नसतं. नेपाळमधल्या चितवनच्या जंगलात याच जातीच्या अस्वलांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाला. तिथं मादीचा पट्टा सरासरी ९ चौरस किलोमीटरच्या आसपास निघाला आणि नराचा १४ च्या आसपास. श्रीलंकेत तर तो दोन ते चार चौरस किलोमीटर इतकाच भरला. ९ चौरस किलोमीटर म्हणजे सव्वादोन हजार एकराच्या जवळपास, एखाद्या मोठ्या गावाचं सगळं शिवार. जिथं खायला भरपूर तिथं पट्टा लहान, जिथं रान कोरडं आणि विरळ तिथं मोठा, असा साधा हिशेब आहे. आपलं सागाचं कोरडं रान पाहता चितवनचे आकडे इथं जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

मुद्द्याची गोष्ट पुढची. हे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. एका नराच्या पट्ट्यात दोन-तीन माद्या, दुसऱ्या नराचाही काही भाग त्यातच. म्हणजे एकाच नाल्यावर आठवड्यात तीन वेगवेगळी अस्वलं येऊन जाऊ शकतात. गावात ज्याला "आपलं" अस्वल म्हणतात ते एकच जनावर असेलच असं नाही. एक पिंजऱ्यात गेलं की धोका संपला, हे म्हणूनच चुकीचं आहे.

मग हद्द सांगतं कशी?

वासानं. अस्वलाची नजर बेताची आणि कानही फार तिखट नाहीत, पण नाक जबरदस्त आहे. म्हणून त्याचा सगळा पत्रव्यवहार नाकाचा.

पायवाटेच्या कडेचं एखादं झाड ते निवडतं. त्याला पाठ, बरगड्या, मान घासतं, पुढच्या पायांनी साल ओरबाडतं. अशा झाडाला माणसाच्या कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत साल गुळगुळीत झालेली दिसते आणि फटींत लांब काळे केस अडकलेले असतात. मधासाठी चढल्याच्या खुणा वेगळ्या : त्या खोडावर थेट वरपर्यंत गेलेल्या असतात, नखांच्या समांतर ओळी. घासायचं झाड मात्र खालीच झिजतं. गुराखी लोकांना हा फरक बरोबर कळतो.

पायांचाही वास लागतो. पोलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तपकिरी अस्वलांबद्दल दाखवून दिलं की तळपायात वासाच्या ग्रंथी असतात, आणि ती मुद्दाम पाय चोळत, दाबत चालतात, म्हणजे वाटेवर निशाणी राहते. ते युरोपातलं अस्वल, जात वेगळी. पण अस्वलांच्या कुळात वासाला किती महत्त्व आहे ते यावरून लक्षात यावं.

ही निशाणी म्हणजे "येऊ नको" असा फलक नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागते तशी ती आहे. कोण आलं होतं, नर की मादी, किती वेळापूर्वी, मादी माजावर आहे का, एवढं येणाऱ्याला कळतं, आणि मग ते ठरवतं थांबायचं की वाट बदलायची. तपकिरी अस्वलांमध्ये मोठे नर जास्त खुणा करतात आणि मिलनाच्या काळात त्या वाढतात, असं आढळलेलं आहे. आपल्याकडच्या अस्वलांचा मिलनाचा काळ साधारण मे ते जुलै. त्या दिवसांत नर एकमेकांना भिडतात, ओरडतात, मागं लागतात. एरवी मारामारीपेक्षा टाळाटाळ जास्त.

टाळायची एक पद्धत वेळेची आहे. चितवनमध्ये असं दिसलं की मोठे नर रात्री जास्त हिंडतात, आणि पिल्लांची आई व तरणी अस्वलं दिवसा जास्त. वाघ, बिबट्या आणि थोराड नर यांच्यापासून लांब राहायचं म्हणून आई उजेडात फिरते असा अर्थ लावला जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा कपारीतून बाहेर निघणं कुणालाच जमत नाही, तरी सकाळी उशिरापर्यंत किंवा दुपार कलल्यावर लवकर दिसलेलं अस्वल पिल्लांवालं असू शकतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. "उजाडलं, आता काय भीती" हा हिशेब इथं चालत नाही.

सगळी अस्वलं सारखी नाहीत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या माद्या मात्र खरोखर आपला इलाका राखतात, परक्या मादीला हाकलतात. आणि वयात आलेल्या लेकीला त्यातलाच एक भाग वापरू देतात. वाटणीपत्राशिवाय, तलाठ्याशिवाय! उलट अलास्कात सॅमन मासे नदीत चढतात तेव्हा एकाच धबधब्यावर डझनावारी तपकिरी अस्वलं शेजारी-शेजारी उभी राहतात. खाणं मुबलक असलं की एकमेकांतलं अंतर कमी होतं.

हेच आपल्या मक्याच्या वावरात होतं. पिकलेला मका, बोरांनी लदलेला धुरा किंवा सीताफळांनी भरलेला उतार असला की एकाच वेळी दोन-तीन अस्वलं तिथं असू शकतात. एक पळालं म्हणून बाकी वावर मोकळं झालं असं समजून आत शिरू नये. मोहाच्या दिवसांत मेळघाट, गोंदिया, गडचिरोलीकडे हीच गत. पहाटे झाडाखाली आधी कोण पोचतं, बाई की अस्वल, एवढाच प्रश्न असतो.

अस्वल राखतं ते काय?

अस्वल जमीन राखत नाही. ते स्वतःभोवतीची काही पावलांची जागा, पिल्लं आणि गुहा राखतं. तिथं ते इंचभर मागं सरत नाही.

याचं कारण जुनं आहे. इतर जातींची अस्वलं संकट आलं की झाडावर चढतात किंवा पळतात. आपलं अस्वल हजारो वर्षं वाघाच्या रानात वाढलं. वाघापुढं पळणं म्हणजे मरण, आणि त्याची नखं वारूळ उकरायची, झाडावर झटकन चढून जीव वाचवायच्या कामाची ती फारशी नाहीत. पिल्लं झाडावर धाडण्याऐवजी आई त्यांना पाठीवर घेते. अस्वलांत ही रीत याच जातीची. पिल्लं थंडीच्या दिवसांत कपारीत जन्मतात, एक किंवा दोन, क्वचित तीन. दोन-तीन महिन्यांनी बाहेर पडतात ती आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून. पुढं दीड ते अडीच वर्षं ती आईसोबतच. म्हणजे कोणत्याही हंगामात भेटलेली मादी पिल्लांवाली असण्याची शक्यता मोठी.

अशी आई वाघालाही भिडते. २०१८ मध्ये ताडोब्यात 'मटकासूर' नावाच्या वाघाशी पिल्लाच्या आईनं दिलेली झुंज पर्यटकांनी टिपली आणि देशभर लोकांनी पाहिली. वाघ तिच्या दुप्पट वजनाचा, तरी तिनं त्याला मागं लोटलं. जे जनावर वाघापुढं उभं राहतं ते काठी घेतलेल्या माणसापुढं का पळेल?

म्हणून सगळा खेळ अंतराचा. लांबून माणूस आल्याचं कळलं तर बहुतेक वेळा अस्वल स्वतःच बाजूला होतं. पण वारुळात तोंड खुपसलेलं असताना त्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. वारा उलटा असला तर वासही लागत नाही. अशा वेळी माणूस अचानक दहा पावलांवर उभा राहिला, की त्याच्या लेखी तो माणूस नसतो, अंगावर आलेलं संकट असतं. ते डोक्यावर, तोंडावर, हातांवर येतं. खायला म्हणून नाही. समोरचं आडवं झालं की बहुधा निघून जातं.

मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल पाहून माणसं घाबरतात. उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, बऱ्याचदा ते वास आणि अंदाज घेत असतं. फुत्कारणं, दोन-चार पावलं धावून येऊन थांबणं ही ताकीद आहे. तिथून मागं सरायला वेळ मिळतो, तो घ्यावा.

हल्ल्यांचे आकडे हीच गोष्ट सांगतात. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आजचा छत्तीसगड धरून, ७३५ माणसं अस्वलांच्या हल्ल्यात सापडली. त्यातली ४८ दगावली. पुढं १९९८ ते २००० मध्ये एकट्या उत्तर बिलासपूर वनविभागात १३७ हल्ले झाले, ११ मृत्यू. म्हणजे वाचणारे खूप, पण कोणाचा डोळा गेलेला, कोणाचा जबडा. बिलासपूरकडच्या नोंदींत निम्म्याहून जास्त हल्ले परसबागा, शेतं आणि त्याला लागलेल्या जंगलात झालेले आहेत. घनदाट रानात जाऊन कोणी अस्वलाची खोडी काढली म्हणून झालेले फार थोडे.

वावरात आणि वाटेवर

इथं विजेचा विषय टाळता येत नाही. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आणि थ्री फेज लाईन रात्रीची. माणूस एकटा, हातात फावडं, डोळे दांडाकडे, मोटारीचा आवाज चालू. अस्वलाला चाहूल लागू नये अशी सगळी व्यवस्था आपणच केलेली असते. जंगलाला लागलेल्या फिडरवर दिवसाची लाईन ही मागणी गावोगाव जुनी आहे, आणि ती सोयीची नसून जिवाची आहे.

लाईन दिवसाची होईपर्यंत करता येण्यासारखं एवढं : एकट्यानं जाऊ नये. वावराच्या तोंडाशी थांबून आधी बॅटरी फिरवावी, मोठ्यानं बोलावं, डबा वाजवावा, मग आत शिरावं. मोबाईलवर गाणं लावून खिशात ठेवलं तरी चालतं, फक्त कानात घालू नये. उद्देश अस्वलाला भिववायचा नाही, त्याला लांबूनच कळवायचा आहे. वावराकडची पायवाट आणि धुऱ्यावरची झुडपं कापून नजर मोकळी ठेवली तर अर्धं काम होतं. मका उभा असताना मधल्या सरीतून न जाता कडेनं जावं.

खुणा पाहायची सवय लावावी. अस्वलाच्या पावलाची बोटं जवळजवळ एका ओळीत उमटतात आणि नखांचे ठसे बोटांच्या बरेच पुढं. मागचं पाऊल लहान पोराच्या पावलासारखं दिसतं. विष्ठेत बोरांच्या बिया, टेंभराच्या बिया, उधईची टरफलं सापडतात. ताजं उकरलेलं वारूळ, ओली माती बाहेर पडलेली, म्हणजे जनावर रात्रीच येऊन गेलं. धुऱ्यावर असं वारूळ दिसलं तर त्या दिवशी गडी-बायांना निंदायला पाठवण्याआधी आवाज करून वावर बघून घ्यावं.

दगडांच्या कपारी, नाल्यावरचे पूल, मोऱ्या, पडीक विहिरींची खाच यांत वाकून पाहू नये. हिवाळ्यात तर नाहीच. शेळ्या राखणारी पोरं सावलीसाठी नेमकी तिथंच जातात, त्यांना सांगून ठेवावं. बिनकठड्याच्या विहिरीत अस्वलं पडतात, तेव्हा सगळं गाव भोवती जमतं. घाबरलेलं अस्वल बाहेर निघालं की त्याच्याभोवती पळायला वाटच नसते आणि मग जो समोर येईल त्याच्यावर ते जातं. गर्दी पांगवणं हे तिथलं पहिलं काम.

अस्वल लांब दिसलं आणि त्यानं आपल्याला पाहिलं नसेल, तर आल्या पावली गुपचूप मागं फिरावं. पाहिलं असेल तर पळू नये, माणूस त्याच्यापुढं धावू शकत नाही. झाडावर चढूनही उपयोग नाही, नखं चढायला घाई नसली तर पुरेशी आहेत. तोंड त्याच्याकडे ठेवून, हळू बोलत, तिरपं मागं सरकावं. दगड मारू नये. पिल्लू एकटं दिसलं तर आई जवळच आहे असं धरूनच चालावं, उचलायला किंवा फोटो काढायला जाऊ नये.

आलंच अंगावर, तर पालथं पडून तोंड मातीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागं गुंतवून कोपरं गालाशी आवळावीत. डोळे, तोंड आणि मान वाचवायची. ते सोडून गेल्यावरही लगेच उठू नये, थोडा वेळ तसंच पडून राहावं.

जखम लहान दिसली तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं भरपूर धुऊन दवाखाना गाठावा. अस्वलाच्या नखांत माती असते, जखम चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस डॉक्टरांकडून घ्यावी, डोक्याच्या जखमेला उशीर मुळीच नको. शासनाकडून मदत मिळते, पण त्यासाठी वनविभागाचा पंचनामा आणि सरकारी दवाखान्याची कागदं लागतात. म्हणून घरच्या एकानं जखमीसोबत जावं आणि दुसऱ्यानं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावं. पिकाच्या नुकसानीचंही तसंच, तुडवलेला मका उचलण्याआधी पंचनामा झाला पाहिजे. मदतीच्या रकमा शासन निर्णयानुसार बदलत असतात, चालू दर परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावेत. वनरक्षक फोन उचलत नसेल तर वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तिथं गाव, तालुका, गट नंबर आणि अस्वल किती वाजता, कोणत्या बाजूला दिसलं एवढं सांगावं. पिल्लं सोबत होती का, हेही सांगायला विसरू नये, कारण येणारं पथक त्याप्रमाणे तयारी करतं.